डब्यातली लग्नं

बाबा मुरबाडमध्ये लग्नांचं शूटिंग करायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खांद्यावरचा मोठा कॅमेरा असलेली माणसं तालुक्यात थोडीच होती. लग्नसराईत बाबा कधी टोकावड्याकडे, कधी किन्हवलीकडे, कधी सिद्धगडाखालच्या वाड्यांत. एसटी असेल तिथवर एसटीने, पुढे जीपने, आणि जीपही जात नसेल तिथे कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून चालत. घरी आले की शर्टाला हळदीचे आणि घामाचे डाग असत, आणि आई ते डाग काढताना विचारायची, "नवरी कशी होती?" बाबा सांगायचे, "रडली नाय. बाप रडला."

लोकांना ते कॅसेटची कॉपी देत. मूळ कॅसेट आमच्याकडेच राही. कपाटात, मग पलंगाखाली, मग माळ्यावर. आई चिडायची, पण बाबा म्हणायचे, "त्यांची हरवली तर ते कुणाकडं जाणार? माझ्याकडंच ना."

त्या सगळ्या शूटिंगमध्ये बाबा कुठेच दिसत नाहीत. कॅमेऱ्यामागून आवाज मात्र येतो. "जरा बाजूला व्हा, म्हातारीला पुढं येऊ द्या." प्रत्येक लग्नात ते हे म्हणत. मांडवाच्या कडेला खांब धरून उभी असलेली म्हातारी माणसं त्यांना दिसायची आणि ती चित्रात आल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही.

पुढे छोटे डिजिटल कॅमेरे आले. कल्याणहून मुलं येऊ लागली, गाणी घालून, गुलाबाच्या फुलातून नवरा-नवरी काढून दाखवू लागली. बाबांची कामं कमी झाली आणि मग एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. उरलं ते फक्त "हां". होकाराचं हां, रागाचं हां, पाणी हवं असल्याचं हां. कल्याणच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, "त्यांना सगळं समजतंय. बोलता येत नाही, एवढंच."

मी तेव्हा शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सकाळी जीपने जायचं, दुपारी परत. माझ्यासाठी स्थळं बघणं कुणी बंद केलं नाही. ते आपोआप बंद झालं. दादा इंजिनिअर होऊन परदेशी गेला होता, तिथेच त्याचं घर, बायको, मुलं. बाबांचं औषध संपलं की मी होते, बाबांना अंघोळ घालायला मी आणि आई होतो, आणि रविवारी दादाचा फोन असायचा.

व्हीसीआर मोडायच्या बेताला आला होता आणि कॅसेटना पावसाळ्यात पांढरी बुरशी धरत होती. म्हणून मी कॉम्प्युटरला एक कार्ड बसवून एकेक कॅसेट उतरवून घ्यायला लागले. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती लावून ठेवावी लागते. घाई करता येत नाही. क्लासवरून आले की लावायची. बाबा खाटेवरून बघत बसायचे. वर्षभर ते काम चाललं.

दादा दिवाळीला आला तो एक डबा घेऊन. पुस्तकाएवढा काळा डबा, आत मोठी हार्डडिस्क. तो घरातल्या राउटरला जोडायचा, म्हणजे सगळी शूटिंगं त्यात राहतात आणि टीव्हीजवळच्या छोट्या प्लेअरवरून हवं ते लग्न बघता येतं, कॅसेट घालणं नको नि काढणं नको. दादाने एका दुपारात सगळं बसवलं. मी उतरवलेलं सगळं त्यात भरलं, माझ्या कॉम्प्युटरवर जागा होत नव्हती म्हणून तिथलं पुसलं, आणि माळ्यावरच्या कॅसेट पोत्यात भरून भंगारवाल्याला दिल्या. बाबा खाटेवरून बघत होते. पोती दाराबाहेर जाताना ते "हां, हां" करत राहिले. दादा म्हणाला, "बघ, किती खूश झालेत."

मी म्हटलं, "ते नको म्हणतायत."

"अगं, त्यांना आता नवीन बघायला मिळणार," दादा म्हणाला.

दादा गेला आणि आठवडाभरात शूटिंग अडकायला लागलं. नवरीला मांडवात आणताहेत, लग्न लावणारी धवळारीण गातेय, आणि मध्येच चित्र थिजायचं. तोंडं अर्धवट उघडी. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. मग एकदम चार पावलं पुढे, पुन्हा थांबायचं. सुरुवातीला मी बाबांना म्हणायची, "येतंय, थांबा." ते डाव्या हाताने स्वतःच्या डोळ्याकडे बोट करायचे, मग उजव्या, मेलेल्या हाताकडे. मला कळायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, शूटिंगच तसं झालंय. त्यांच्याच हाताने खराब काढलंय. मग त्यांनी बघणंच सोडलं. मी टीव्ही लावला की भिंतीकडे तोंड करायचे.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "वायर बघ. नाहीतर तुमच्याकडची लाइट. व्होल्टेज कमी असणार." पुढच्या रविवारी म्हणाला, "राउटर बंद करून चालू कर." त्याच्या पुढच्या रविवारी हसून म्हणाला, "गावात एवढं चालतंय हेच खूप आहे."

तेवढ्यात एका दुपारी एक बाई दारात आली. सिद्धगडाखालच्या वाडीतली, साठीची, नऊवारी काष्टा, डोक्यावर रानभाजीचं गाठोडं. बाजाराला आली होती. म्हणाली, "बाय, तुजा बापूस हाय ना घरात? त्यानं माज्या पोरीच्या लग्नाची शूटिंग केलेली."

मी तिला आत बसवलं. मुलीला नवरा मुरबाडच्या कारखान्यातला मिळाला होता, त्याच्याकडच्यांनी शूटिंग आणलं होतं. मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. जावयाने दुसरं लग्न केलं आणि नव्या सुनेला नको म्हणून सासरी ती कॅसेट कुठे टाकली कुणाला माहीत. "फोटू एकपण नाय तिचा," बाई म्हणाली. "कोणी सांगलं, त्या शूटिंगवाल्याकडं सगळ्यांची असतात."

बाबा आमच्याकडे वळून बसले होते. तिने वाडीचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी डावा हात वर केला. "हां." त्यांना ते लग्न आठवत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

मी ते लग्न शोधलं आणि लावलं. बाई खाटेवर बसेना, जमिनीवर टीव्हीसमोर बसली. हळद आली. चार बायका एका मुलीला हळद लावताहेत, मुलगी खाली बघतेय. बाबांचा आवाज आला, "पोरी, जरा वर बघ." मुलीने मान वर केली, आणि तिथेच चित्र थांबलं. चेहरा अर्धा आला होता, डोळे मिटायला लागलेले. गोल फिरत राहिला. बाई बघत राहिली. मी रिमोट दाबत होते. चित्र पुढे गेलं तेव्हा मुलगी पुन्हा खाली बघत होती.

"मगाचचं परत लाव," बाई म्हणाली. मी मागे नेलं. तिथेच पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा तर हळदीपर्यंत गेलंच नाही. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला, जोरात, दोनदा. आई धावत आली आणि तिने त्यांचा हात धरला.

बाई उठली. "असूं दे," म्हणाली. "पुढच्या बाजारी येईन." जाताना रानभाजीची एक जुडी आईच्या हातात देऊन गेली. तिला काही दिसलं नव्हतं आणि तरी ती देऊन गेली, हे मला फार लागलं.

त्या दिवसापासून मी तो डबा सोडला नाही. क्लासमध्ये मुलांना सांगायची तेच केलं: एकेक भाग वेगळा काढून बघायचा. आधी वाडीचं ते लग्न माझ्या कॉम्प्युटरवर तात्पुरतं उतरवून चालवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता चाललं. म्हणजे शूटिंग धड होतं. बाबांना खुर्चीत बसवून कॉम्प्युटरपुढे आणलं आणि दाखवलं. "बघा, तुमचं काही चुकलं नाय." त्यांनी मान हलवली, पण छोट्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नव्हतं.

मग राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढली, दाराच्या चौकटीवरून खिळे ठोकून. फरक पडला नाही. मग डब्याला कान लावून बसले. बराच वेळ कुणी बघत नसलं की आतली डिस्क थांबायची, आणि टीव्ही लावला की कुरकुरत पुन्हा फिरायला लागायची. वीज वाचवण्यासाठी डिस्क झोपवायची सेटिंग होती. पहिलं अडकणं त्यामुळे होतं. पण ती सेटिंग बदलायला मुख्य पासवर्ड लागत होता आणि तो दादाकडे. मला त्याने फक्त बघण्यापुरतं खातं करून दिलं होतं.

"तू हात लावू नकोस, काहीतरी बिघडवशील," तो म्हणाला. "मी इकडून बघतो." त्याने तिकडून बघितलं आणि सांगितलं, सगळं ठीक आहे.

शेवटी आईने फोन घेतला. आई दादाशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. "तिला काय ते दे रे," एवढंच म्हणाली. "ते भिंतीकडं तोंड करून बसतात. मला बघवत नाय."

पासवर्ड आला. मी आत गेले, डिस्क झोपवणं बंद केलं. सुरुवातीचं अडकणं थांबलं, पण मधलं चालूच राहिलं. मग डब्यावर किती काम चाललंय ते दाखवणारं पान उघडलं. टीव्ही बंद होता, घरात कुणी काही बघत नव्हतं, आणि तरी डबा पूर्ण दमात काम करत होता. कसलं ते शोधलं. बॅकअप. दादाने डब्याला कामाला लावलं होतं की सगळी शूटिंगं एकेक करून दाबून लहान करायची, कुलूपबंद करायची आणि इंटरनेटवरून त्याच्या तिकडच्या घरी पाठवायची. आमच्या फोनच्या तारेवरून ते कधी संपणार? त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की डबा बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायला सुरुवात. बिचारा दिवसभर तेच करत होता, आणि बाबांना टीव्ही लावला की त्यातून जे उरेल ते मिळत होतं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, त्याच्या लक्षात आलं नसेल. पण त्याच पानावर कोणत्या कामाला आधी मान द्यायचा, ही सेटिंग होती. ती आपोआप अशी नसते, माणसाने बदलावी लागते. बॅकअप सगळ्यात वर ठेवला होता. घरातला टीव्ही सगळ्यात खाली.

मी बॅकअप पहाटेवर टाकला आणि खाली ढकलला. टीव्ही वर आणला. दुपारी बाबांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि कुठलंतरी एक लग्न लावलं. नवरी आली, अंतरपाट धरला, तांदूळ पडले, पंगत बसली. थांबलं नाही. बाबा आधी अंग चोरून बसले होते, आता अडकेल, आता अडकेल, असे. पंगतीपर्यंत त्यांचे खांदे सैल झाले. "म्हातारीला पुढं येऊ द्या," टीव्हीतून त्यांचा आवाज आला, आणि त्यांनी स्वतःचा आवाज ऐकून आईकडे बघितलं. आई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

रविवारी दादाचा फोन आला. आईला ऐकायला कमी येतं म्हणून मी फोनचा स्पीकर चालू ठेवत असे. बाबा शेजारीच होते.

"बॅकअप का हलवलास?" दादाने विचारलं.

"बाबांचं शूटिंग त्याच्यामुळं अडकत होतं."

"माहितेय मला. पण तो पूर्ण व्हायला पाहिजे ना. पहाटे तुमच्याकडे लाइट असते का धड? एक दिवस ती डिस्क जाईल आणि सगळं जाईल. मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅसेट भंगारात गेल्यावर तो डबा हीच एकुलती एक जागा होती. मी तसं म्हटलंही. म्हटलं, "मग निदान दुपारी बाबा बघतात तेवढा वेळ बंद ठेवू. बाकी दिवसभर चालू दे तुझं."

"त्यांना काय कळतंय गं आता," दादा म्हणाला. "अडकलं काय नि चाललं काय. समोर काहीतरी हलत राहिलं म्हणजे झालं."

बाबांनी फोनकडे बघितलं.

"हां," ते म्हणाले.

"कोण बोललं?" दादाने विचारलं.

आईने फोन उचलला, चाचपडत स्पीकर बंद केला आणि कानाला लावून विचारलं, "जेवलास का रे?"

मंगळवारी शूटिंग पुन्हा अडकलं. मी आत जाऊन बघितलं तर बॅकअप वर होता. दादाने तिकडून बदललं होतं. मी परत खाली केला. दोन दिवसांनी पुन्हा वर. एकमेकांशी एक शब्द न बोलता आम्ही दोघं तो असा खालीवर करत राहिलो. तिसऱ्या खेपेला मी इंटरनेटची वायरच राउटरमधून काढून टाकली. घरातल्या घरात डबा आणि टीव्ही जोडलेले राहिले, बाहेरची वाट बंद झाली. दादाचा आईला फोन आला तेव्हा तो काय बोलला, मला माहीत नाही. आई एवढंच म्हणाली, "तो रागावलाय. वायर लाव म्हणतो."

"नाय लावणार," मी म्हटलं.

वाडीतली बाई मधले काही बाजार चुकवून, पण बाजाराच्याच दिवशी आली. या वेळी शेजारणीला सोबत घेऊन. मुलीने मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघितलं, ओठ दाबून हसली आणि पुन्हा खाली बघायला लागली. बाई रडली नाही. पडद्याजवळ सरकून म्हणाली, "ही बग, ही हसली. मी सांगत नव्हतं का, ती हसायची." मग बाबांकडे वळून म्हणाली, "तुमी तिला वर बघ म्हनलात म्हणून." बाबांनी डावा हात छातीवर ठेवला. ती गेली तेव्हा मी तिला त्या लग्नाची सीडी करून दिली. वाडीत कुणाकडे तरी प्लेअर होता.

मग बाबा रोज बघत. कधी लग्न बघताना बोटाने एखादं माणूस दाखवत आणि आई सांगे, तो कोण, त्याचं पुढे काय झालं. वर्षभर हे चाललं असेल. नंतरच्या पावसाळ्यात ते गेले. दुसरा झटका आला, कल्याणपर्यंत पोचलो नाही.

दादा दहाव्याला पोचला. तेराव्यापर्यंत राहिला, माणसांशी नीट बोलला, आईजवळ बसला. माझ्याशीही बोलला, पण सामानाबद्दल, भटजींबद्दल. तो निघाला त्या सकाळी मी क्लासला गेले होते. फार दिवस रजा झाली होती. परत आले तर राउटरजवळची डब्याची जागा मोकळी. आई म्हणाली, "नेला त्यानं. तिकडं नीट कॉपी करून पाठवतो म्हणाला. इथं गंजून जाईल म्हणे."

मी वाट बघितली. वाईट हेतूने नेलाय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. बॅकअपचा त्याला ध्यासच होता, तो कॉपी करणार याची मला खात्री होती. गणपती झाले, दिवाळी झाली, तेव्हा कुणातरी ओळखीच्याबरोबर पाकीट आलं. आत दोन डीव्हीडी. मी लावल्या. दादाचा शाळेतला निरोपसमारंभ, दादाचं लग्न, आमच्या घरचा गणपती, आत्याच्या घरची पूजा. बस.

त्याला फोन केला. "बाकीची?"

"बाकीची कुठली?"

"लग्नं."

"ती काय ठेवायची? आपण ओळखतो का त्या लोकांना? डिस्क भरली होती. मला मुलांच्या व्हिडिओंना जागा पाहिजे होती. आपलं होतं तेवढं ठेवलंय ना सगळं."

"पुसलीस?"

"अगं, अनोळखी लोकांची लग्नं होती ती," तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. त्याला खरंच कळत नव्हतं मी काय विचारतेय. मी फोन आईकडे दिला.

बाबांचा आवाज त्या लग्नांमध्ये होता. आमच्या घरच्या शूटिंगमध्ये तो जवळजवळ नाही. घरात ते थोडंसं काढून कॅमेरा कपाटात ठेवायचे आणि पंगतीत बसायचे. हे मी दादाला सांगितलं नाही. आईलाही नाही, पण तिला कळलं असावं, कारण त्या डीव्हीडी तिने पुन्हा कधी लावायला सांगितल्या नाहीत.

लोक अजून येतात. कधी बाजारात गाठतात, कधी दारात. कुणाचा बाप वारलेला असतो, कुणाचं घर पडून कॅसेट भिजलेली असते. "तुमच्या बाबांकडं असेल ना?" मी सांगते, नाही. ते विचारतात, कुठं गेली? मी सांगते, खराब झाली. काही जण बाबांना बोल लावून जातात, म्हणतात, एवढं सांभाळतो म्हणायचे. मी ऐकून घेते.

रविवारी फोन येतोच. आई त्याच्या मुलांची शाळा विचारते, तिकडचं थंडीवाऱ्याचं विचारते. मग फोन पुढे धरते. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय गो."

"भांडी घासतेय सांग," मी म्हणते, आणि नळ सोडते.